बेलार्मिनोची हाडं

माझा थोरला भाऊ बेलार्मिनो जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तांब्याच्या भट्टीत आम्ही दोघेही कामाला होतो. तो आम्लाच्या विभागात, मी वजनकाट्यावर. शेवटच्या दोन वर्षांत त्याचा घाम हिरवट येऊ लागला होता. एर्सिलिया वहिनी त्याचे बनियन वेगळे भिजवायची, तरी बादलीतलं पाणी रंग धरायचंच. त्याच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं. पायावरच्या जखमा भरत नव्हत्या. कारखान्याचा डॉक्टर म्हणायचा, दूध पी. भाऊ हसून सांगायचा, "आता मला गोठ्यातच बांधा."

बावन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, अतिधूम्रपान. वहिनी तो दाखला घेऊन कचेरीत गेली.

"माझ्या नवऱ्याने जन्मात सिगरेट ओढली नाही," तिने सांगितलं.

"कारखान्याकडून तशीच नोंद आलीय," तिथली बाई म्हणाली.

वहिनी परत आली. पुढे कोणाकडे जायचं, हे तिला कोणी सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो, पण ती नोंद माझ्याच सहीने झाली होती.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी मुकादमाने मला बोलावलं होतं. कागद तयार होता. "नोल्बेर्तो, नुसता उपचार आहे," तो म्हणाला. भाऊ दिवसाला दोन पाकिटं ओढायचा, असं त्यात होतं. मी सही केली. न वाचता केली, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. पण मी वाचला होता.

मग, भाऊ गेल्यावर एकोणीस वर्षांनी, आमच्या गावात रायेन नावाची एक वकील बाई आली. भट्टीतल्या कामगारांच्या अकरा विधवांना तिने चर्चच्या हॉलमध्ये जमवलं आणि सांगितलं, मृतदेह उकरून हाडं तपासली तर शरीरात काय गेलं होतं ते सिद्ध करता येईल. त्यासाठी बायको आणि मुलं, सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या. वहिनीने त्याच दिवशी सही केली. तिचा मुलगा येर्को कारखान्याच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा. तो तयार होईना.

"आई, बाबांना शांत झोपू दे ना."

"झोपलेत कुठे? खोकत खोकत गेले ते," वहिनी म्हणाली.

दोघं महिनाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हती.

आमच्याकडे उन्हाळा संपतो तेव्हा, मार्चमध्ये, शाळा सुरू झाल्या. दुसऱ्या आठवड्यात समुद्रावरचा वारा पडला आणि भट्टीचा धूर खाली येऊन गावावर बसून राहिला. शाळेत पोरं ओकू लागली, काही चक्कर येऊन पडली. त्यात येर्कोची सात वर्षांची मुलगी मिलाराय होती. तिच्या पायांना मुंग्या आल्या आणि मग पाय हलेचनात. तीन दिवस ती इस्पितळात होती. तिथे डॉक्टरने येर्कोला विचारलं, "घरी काय खाऊ घातलं होतंत?"

येर्को इस्पितळातून थेट आईकडे आला. मी तिथेच होतो. तो खुर्चीवर बसलाही नाही.

"तो सहीचा कागद कुठाय?" त्याने विचारलं.

शवपेटी उघडताना घरातलं कोणीतरी ओळख पटवायला हवं होतं. "भावजी, तुम्ही उभे राहा. मला बघवायचं नाही," वहिनी म्हणाली. मी हो म्हटलं खरं, पण घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की सांगितल्याशिवाय मला त्या खड्ड्याजवळ उभं राहता येणार नाही.

आदल्या दिवशी दुपारी गेलो. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"वहिनी, सिगरेटचं लिहिलेला तो कागद... त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे."

दोन शेंगा तिने तशाच सोलल्या. मग हात थांबले. मी सगळं सांगितलं, मुकादमाच्या टेबलापासून.

"एकोणीस वर्षं दर रविवारी इथे जेवताय तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या हातचं."

शेंगांचं ताट तिने बाजूला सारलं.

"उद्या आठ वाजता या, उशीर करू नका. आणि त्यानंतर रविवारी येऊ नका."

सकाळी कब्रस्तानात पांढरे झगे घातलेली चार माणसं आली. वहिनी आणि येर्को फाटकापाशीच थांबले. झाकण निघालं तेव्हा लग्नातल्या कोटाची कॉलर तेवढी ओळखू आली. मी डावा हात दाखवायला सांगितला. करंगळीचं हाड वाकडं होतं. लहानपणी मीच ती दारात चेमटवली होती.

"हाच," मी म्हणालो.

तिथून मी रायेनकडे गेलो आणि साक्ष द्यायची आहे म्हणून सांगितलं.

"यात तुम्हीही अडकू शकता," ती म्हणाली.

"अडकू दे."

कोर्टात कारखान्याच्या वकिलाने विचारलं, "तेव्हा खोटं बोललात, मग आता खरं बोलताय कशावरून?"

"तेव्हा मला बढती मिळाली," मी म्हणालो. "आता काय मिळणार आहे?"

वहिनी तिसऱ्या बाकावर होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

हाडांत आर्सेनिक आणि शिसं सापडलं, कितीतरी पट जास्त. चौदा महिन्यांनी न्यायाधीशांनी दाखल्यावरचं कारण बदलायचा हुकूम दिला. कारखान्याचा दोष किती, याचा खटला अजून चालू आहे. धुराडंही चालू आहे.

भावाला पुन्हा गावच्या कब्रस्तानात ठेवायला वहिनी तयार नव्हती. डोंगराकडे तिचं माहेर आहे, तिथे जागा घेतली. तिने येर्कोकरवी निरोप धाडला, पेटी धरायला या. पेटी आता हाडांपुरती, लहानशी होती, एकट्याने उचलता आली असती. एका बाजूला येर्को, एका बाजूला मी. चढावर खोकल्याने मला दोनदा थांबावं लागलं. पुढे चाललेली वहिनी दोन्ही वेळा थांबली, पण वळली नाही.

माती लोटून झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

"छाती तपासून घेतलीत का?"

"नाही."

"कधीपासून आहे खोकला?"

"चार-पाच वर्षं."

तिने हातावरची माती झटकली. मग म्हणाली, "मंगळवारी मिलारायला राजधानीतल्या डॉक्टरांकडे नेतोय. पहाटे पाचची बस आहे. तुम्हीही चला."

मंगळवारी मी गेलो. ती नातीला घेऊन पुढच्या सीटवर बसली, मी मागे. वाटेत मिलारायने वळून मला अर्धा पाव दिला. आजीने सांगितलंय म्हणाली.