राखून ठेवलेली ज्योत

सरोजिनीचा हात माझ्यामुळं भाजला. हे आधीच लिहितो. नाहीतर पुढचं वाचताना कुणीतरी माझी कीव करील, आणि ती मला नको.

सन शेहेचाळीस. बेळगावच्या एका कॉलेजात, नाव लिहीत नाही, मी रसायनाच्या प्रयोगशाळेत हमाल होतो. कंग्राळीहून चालत यायचो. मागच्या पत्र्याच्या शेडात लोखंडी भट्टी लाल करायची, तिच्यात रॉकेल थेंब थेंब सोडायचं, त्याचा गॅस टाकीत धरायचा. तो रबरी नळीतून टेबलावरच्या बर्नरला जायचा. बर्नर म्हणजे वीतभर पितळी नळी. बुडाला हवेचं भोक, भोकावर फिरणारं कडं. भोक बंद करायचं, काडी ओढायची, मग तोटी सोडायची. ज्योत पिवळी, मवाळ येते. भोक उघडलं की निळी होऊन फुरफुरते. हे मला कुणी शिकवलं नाही. भिंतीवर नियमांचा तक्ता होता, तो इंग्रजीत. बर्नर रोज पेटवणाऱ्या हमालाला तो वाचता येतो का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. बघून बघून शिकलो. एक गोष्ट राहिली.

आमच्यात चूल पुरती विझू देत नाहीत. नागुबाई, माझी बायको, भाकऱ्या झाल्या की निखारे राखेत झाकून ठेवायची. सकाळी शेजारणी शेणीचा, म्हणजे गोवरीचा, तुकडा घेऊन विस्तव मागायला यायच्या, उंबऱ्यात दोन शब्द बोलायच्या. ती वारली आणि चूल गार पडली. एकट्या बाप्याच्या दारात बाया कशाला येतील?

त्यामुळंच असेल, प्रयोगशाळेतल्या शेवटच्या टेबलावरचा बर्नर मी विझवत नव्हतो. सकाळी पेटवून तोटी आवळायची, ज्योत बोटाच्या पेराएवढी करायची आणि राहू द्यायची. पिवळी ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण पिवळीनं काजळी धरते, आणि काजळी दिसली की डेमॉन्स्ट्रेटर केशवराव अंगावर यायचे. म्हणून भोक उघडं, ज्योत निळी. दिवसाउजेडी ती धड दिसायचीही नाही. पण ती आहे, एवढं मला पुरत होतं.

शिकायची राहिलेली गोष्ट ती हीच: गॅस फार कमी झाला आणि हवा तेवढीच राहिली, की ज्योत नळीच्या तोंडावर टिकत नाही. आत शिरते आणि बुडाशी जळत राहते. वर काहीच दिसत नाही. नळी मात्र तव्यासारखी तापते.

ते टेबल सरोजिनीचं. वर्गात एकटीच मुलगी, वडगावच्या विणकराची. प्रयोग जोडीनं करायचा असतो, पण तिच्या जोडीला कुणी उभं राहत नव्हतं. "जा की रं तिकडं, अक्षता आम्ही टाकतो!" असं पोरं एकमेकांना ढकलत म्हणायची. ती मान खाली घालून परीक्षानळ्या मांडायची. वर्षभर मी त्या धुतल्या, आमचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

त्या शनिवारी मी शेडात होतो. टाकीतला गॅस उतरला होता. तिला वाटलं, बर्नर विझलेलाच आहे. जवळ ओढायला म्हणून तिनं नळी मुठीत धरली.

किंकाळी ऐकून मी धावलो. "आक्का, पाण्यात! हात पाण्यात घाला!" मनगट धरून तिचा हात बादलीत बुडवला. तळव्याची कातडी पितळेला चिकटून राहिली होती.

"तोटी उघडी टाकून काय चाललं होतं?" केशवराव गरजले.

"सर, मी काडीसुद्धा ओढली नव्हती."

"मग आपोआप पेटला? भुतानं पेटवला?"

पोरं हसली. केशवरावांनी तिथंच प्रिन्सिपॉलना चिठ्ठी लिहिली: मुलगी निष्काळजी आहे, प्रयोगशाळेतून काढावी, सोमवारी वडिलांना बोलवावं.

मी बादली घेऊन उभा होतो. बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

रविवार कंग्राळीत घालवला. मन मोकळं करावं असं घरात कुणी नव्हतं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. शेत भाऊ कसत होता, पोटापुरतं मिळालं असतं. पण "परशराम, अरे गाढवा!" असं मला म्हणायला तरी कोण उरणार होतं? शिवी दिली तरी ती माणसानं दिलेली असते.

सोमवारी प्रिन्सिपॉल, केशवराव, सगळे प्रयोगशाळेत जमले. तिचा बाप टोपी हातात धरून म्हणत होता, "घरी बशिवतो सायेब, लई शिकली." ती हाताच्या पट्टीकडं बघत होती.

मी पुढं झालो. "सायेब, ह्यो बर्नर बघा जरा."

"घ्या! आता हमाल लेक्चर देणार," केशवराव म्हणाले.

मी पेटवला, भोक उघडलं, तोटी आवळत गेलो. ज्योत थरथरली, टप् आवाज झाला आणि दिसेनाशी झाली. नुसती सूं सूं उरली. थोडा वेळ तसाच ठेवला. प्रिन्सिपॉलनी नळीकडं बोट नेलं.

"हात लावू नगासा!" मी ओरडलो. नळीवर पाण्याचा थेंब सोडला. चर्र झालं.

"असा म्या ठिवलता. रोज ठिवतो. पोरीनं काडी वडली न्हवती."

"पण ठेवत का होतास?" प्रिन्सिपॉलनी विचारलं.

मनात नागुबाई, राख, उंबऱ्यातल्या बाया, सगळं आलं. तोंडातून एवढंच निघालं, "सवय, सायेब."

सरोजिनी राहिली. मला त्याच दुपारी काढलं. केशवरावांना कुणी एक शब्द विचारला नाही. फाटकाशी ती समोर आली, थांबली. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तिनं भाजलेला हात पदराखाली घेतला आणि आत गेली. बरोबर केलं. मला काय म्हणणार होती?

आता घरी चूल पेटवतो. भाकरी झाली की निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओततो. न दिसणारा विस्तव आता ठेवत नाही. परवा शेजारची मालुबाई दारावरून जाताना थबकली.

"आगं बया! भावजी, चुलीवर पाणी वततात व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "वततात."

तिच्या हातात शेणीचा तुकडा होता. तो तसाच घेऊन ती पुढच्या घराकडं गेली.