सोन्याची सुई, लाल दोरा

पहाटे उठून बुद्धापुढे ताजं पाणी ठेवायचं, फुलं बदलायची, पाच शीलं म्हणायची आणि मग माळ ओढायची, हा माझा रोजचा नेम. त्या पहाटे माळ हातात होती, पण मणी पुढे सरकत होते की नाही ते कळत नव्हतं. चौथ्या शीलापाशी जीभ अडखळली. मी खोटं बोलणार नाही. खोटं मी बोललेच नव्हते. मी फक्त गप्प होते.

शेजारी नात झोपली होती. पान एई, नऊ वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी लेक, यकृताच्या कर्करोगाने गेली. हळदीसारखी पिवळी पडली, पोट फुगलं आणि भाताचा मोसम संपायच्या आत संपली. तेव्हापासून पोर माझ्याकडे. गेल्या महिन्यात पखोक्कूच्या दवाखान्यात नेऊन तिचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की आईच्या रक्तात जे होतं, ते हिच्याही रक्तात आहे. डॉक्टरीणबाई त्याला हिपॅटायटिस बी म्हणाल्या. आमच्याकडे लोक बी-पो म्हणतात. पो म्हणजे किडा. नाव ऐकलं की अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. तो बाळंतपणातच आईकडून आला असावा. जन्मल्याबरोबर, त्याच दिवशी, लस टोचली असती तर बहुतेक अडला असता. पण ऐरावती नदीला पूर आला होता, पान एई घरातच सुईणीच्या हातावर जन्मली, आणि लशीचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं. आता वेळच्या वेळी तपासणी करायची, लागलं तर औषध द्यायचं. आईसारखं होईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यातलं 'आईसारखं' एवढंच ऐकू आलं.

आणखीही त्यांनी सांगितलं, आणि ते मात्र मी नीट ऐकलं. एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने, खोकल्याने हा पसरत नाही. रक्तातून पसरतो. दाढीचा वस्तरा, नखं काढायची पाती, दात घासायचा ब्रश, सुई, यांत जपायचं. ज्यांनी लस पुरी घेतली त्यांना भीती नाही. माझंही रक्त पाहिलं, ते स्वच्छ निघालं, मला लस सुरू केली.

हे मी एकट्या ताईला सांगितलं. दॉ सेइन यिन, माझी थोरली बहीण. शेजारीच तिचं घर, पान एई तिच्याच अंगणात वाढली. ताईने ऐकलं, दार लोटून घेतलं आणि कुणाला बोलायचं नाही अशी मला ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पाहते तर पान एईची वाटी वेगळी, ताटली वेगळी, आणि तिच्या पेल्याच्या कानाला लाल दोरा. आपली यामिन चुकून त्यातून पाणी पिईल, म्हणून, असं ताई म्हणाली. यामिन ही ताईची नात, बापाच्या मालवाहू बोटीवर वाढलेली. तिला एकही लस मिळालेली नव्हती. पेल्यातून येत नाही असं मी ताईला परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांचं काय जातं बोलायला.

पान एईने दोऱ्याबद्दल विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तर त्या दिवशी ताईच्या नातवाला श्रामणेर करायचं होतं. मुलगा विहारात जायचा असला की आमच्याकडे त्याच मांडवात मुलींचे कान टोचतात. पाच मुली होत्या. राजकन्येसारखे झगे, डोक्यावर मुकुट, गालांवर तनखाच्या खोडाचा उगाळलेला लेप. ज्योतिष्याने घटका काढून दिली होती. मीही माझ्यापुरता बंदोबस्त केला होता. माहेरच्या गावी प्रत्येक घर आपापली चांदीची सुई आणतं, तशी नवी सुई मी कागदात गुंडाळून कंबरेला खोचली होती. पान एईची सुई पान एईलाच, परत घरी. कुणाला काही सांगायची गरजच पडणार नव्हती.

कान टोचणारे ऊ बा चिट आले. त्यांनी मखमली पेटी उघडली, तर आत एकच सुई. सोन्याची, त्यांच्या आजोबांपासूनची. मी माझा कागद पुढे केला तेव्हा ते तोंडातलं पान सावरत हसले.

"ही राहू द्या गोधडी शिवायला. ताईंनी सोन्याच्या सुईचं बोलावणं केलंय."

बायका हसल्या. मुलींना वयाने बसवलं होतं. पान एई सगळ्यांत मोठी, म्हणून पहिली. तिच्या मागे यामिन.

 मांडवात वाजंत्री चालू होती. पान एईच्या कानाला सुई लागणार, रक्ताचा थेंब येणार, फडक्याने पुसला जाणार आणि तीच सुई यामिनच्या कानात. मी ताईचा हात धरून तिला खांबाआड नेलं आणि सांगितलं. ती उलट माझ्यावरच रागावली.

"सोनं आहे ते. सोन्याला कधी विटाळ होतो का?"

जी बाई पेल्याला दोरा बांधत होती, तिला सुईचं भय नव्हतं. मी म्हटलं, ताई, किड्याला सोनं कळत नाही आणि लोखंड कळत नाही, त्याला रक्त कळतं. तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. तिने मागे वळून यामिनकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पान एईला शेवटी बसवू. म्हणजे झालं. तोंड उघडलंस तर पोरीला उद्यापासून कुणी दारात उभं करणार नाही, लक्षात ठेव."

खरं सांगते, मला ते पटलं. क्षणभर हायसं वाटलं. पोरीला शेवटी बसवलं की इथल्या चौघी सुटल्या, आणि माझी पोरही झाकली राहिली. मी तिला उठवायला निघालेसुद्धा. इतक्यात ऊ बा चिट कुणाला तरी सांगताना ऐकू आले, की आज जेवून लगेच निघायचंय, उद्या नदीपलीकडे सात मुली वाट बघताहेत. मी सुईकडे पाहिलं. ती त्यांनी पंच्याच्या टोकाला पुसली आणि उन्हात धरली. लखलखत होती. त्या सात मुलींचे चेहरे मला माहीत नव्हते, पण त्या मला दिसायला लागल्या.

माझा आवाज लहान. घरातसुद्धा दोनदा बोलावं लागतं. मी ऊ बा चिट यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि म्हटलं की प्रत्येक मुलीला वेगळी, कोरी सुई हवी. त्यांनी भुवया चढवल्या. माझ्या सुईत काय खोट आहे, असं विचारलं. वाजंत्री नेमकी तेव्हाच थांबली.

"खोट सुईत नाही, दादा. कुणाच्या रक्तात बी-पो आहे, ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तुमची सुई तो एकीकडून दुसरीकडे नेईल."

 मांडवात कुजबुज उठली. पाठीमागून एका आईने विचारलं, कुणाला आहे. दुसरीने विचारलं, अहो, बोला ना, कुणाला आहे. मी मान खाली घातली. शील मोडायचं नव्हतं आणि पोरीचं नावही घ्यायचं नव्हतं.  पाण्याच्या माठांपाशी तो पेला होता, लाल दोऱ्याचा. एका बाईची नजर तिकडे गेली, मग दुसरीची.

"आजी," पान एई म्हणाली, "मलाच आहे ना? म्हणून माझा पेला वेगळा."

तिने ते इतक्या साधेपणाने विचारलं, की मला हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मी हो म्हटलं आणि तिला जवळ ओढून घेतलं. एका आईने आपली मुलगी उचलली आणि मांडवाबाहेर नेली. मग दुसरीने. मुकुट पडला, तो कुणी उचलला नाही. घटका टळली.

ऊ बा चिट मात्र जागचे हलले नाहीत. सुई त्यांच्या तळहातावर होती. रागवायचं तेही विसरले. तोंडातलं पान त्यांनी हळूच बाहेर काढलं आणि माझ्याहूनही लहान आवाजात विचारलं,

"बाई, याच सुईने मी माझ्या नातींचे कान टोचलेत. त्यांचं काय?"

 मी त्यांना दवाखान्याची वाट सांगितली. रक्त तपासून घ्या, ज्यांच्यात नाही त्यांना लस द्या, यामिनलाही द्या. आणखी काय सांगणार होते? ते उठले आणि नदीकडे गेले नाहीत, बसथांब्याकडे गेले.

पुढल्या पौर्णिमेला माझ्याच ओसरीवर कान टोचले. दवाखान्यातली नर्स बंद पाकिटातल्या सुया घेऊन आली, हातमोजे घालून बसली. पाचपैकी तिघी आल्या. दोघी आल्याच नाहीत. त्यांच्या घरावरून जाताना पान एईला अजून हाक येत नाही. ऊ बा चिट आले होते. त्यांच्या एका नातीच्या रक्तात बी-पो निघाला. सुईमुळे की आईकडून, ते कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यांना झोप येत नाही. तरी मुली रडल्या की ते गाणं म्हणून त्यांना हसवत होते.

यामिनचं रक्त स्वच्छ निघालं होतं, लशीची पहिली सुई झाली होती. कान टोचल्यावर ती खूप रडली, आणि रडता रडता हाताला लागला तो पेला उचलून घटाघटा पाणी प्यायली. दोऱ्याचा पेला, ताईनेच पान एईसाठी घरून आणलेला. ताई ताडकन उठली. हात पुढे झाला आणि तसाच राहिला.  ताईची नजर पेल्यावरून पान एईच्या कानाकडे गेली. तिथे रक्ताचा एक थेंब आला होता. नर्सने तो कापसाने टिपला, कापूस आणि सुई झाकणाच्या डब्यात टाकली, झाकण दाबलं.

ताई खाली बसली.  मग यामिनच्या हातातून पेला घेतला आणि दोऱ्याची गाठ नखाने सोडवू लागली. गाठ पक्की होती, तिचीच.

"मी दोरा भलत्याच जागी बांधला गं," ती म्हणाली.