सी विंगमधलं आजारी मूल

तुमच्या मोबाइलवर 'एक त्रस्त नागरिक' अशी सही असलेला मेसेज आला असेल, तर तो बहुधा मीच. 'एक जागरूक आई' असेल तर तीही मीच, फक्त त्या दिवशी दाढी केलेली नसते. एकोणीस वर्षं मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उमेदीची वर्षं गेली. मग ते वर्तमानपत्र बंद पडलं आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण विचारतो? उत्तमने विचारलं. उत्तम आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराचं ऑफिस सांभाळतो. उमेदवाराला सगळे दादा म्हणतात. मी त्यांना दोनदाच भेटलोय आणि दोन्ही वेळा त्यांनी मला दुसऱ्याच नावाने हाक मारली.

काम सोपं. उत्तम विषय देतो, मी घरी बसून लिहितो, तो शंभर-दीडशे ग्रुपवर सोडतो. दादांचं नाव कुठेच घालायचं नाही. लोकांना आधी दुखणं द्यायचं, औषध दादा नंतर घेऊन येतात. दुखणं पटावं म्हणून त्यात एखादी खरी गोष्ट पेरायची, ही माझी पद्धत. बाकीचे लिहिणारे मोठमोठे शब्द वापरतात, जागो, उठो वगैरे. माझे मेसेज शेजारणीने सांगितल्यासारखे वाटतात, असं उत्तम म्हणतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

निवडणूक महिन्यावर आली तेव्हा विषय आला मासळीचा. दादा शेजारच्या नवघरला मासळी मंडई बांधणार होते, म्हणजे तसं आश्वासन देणार होते. त्याआधी लोकांना रस्त्यावरच्या मासळीचा वीट यायला हवा होता. मी अर्ध्या तासात लिहून दिलं. आमच्या इंद्रलोक भागातलं चार वर्षांचं मूल, गेटवर घेतलेली मासळी, रात्रभर उलट्या, दोन दिवस सलाईन, 'आणखी एक दिवस उशीर झाला असता तर' म्हणणारे डॉक्टर. आणि त्यात एक वाक्य घातलं: 'मासेवालीने प्रेमाने वर टाकलेली चार मांदेली त्या लेकराने खाल्ली होती.'

ते वाक्य मला फार आवडलं होतं. लेकरू, डॉक्टर, सलाईन सगळं खोटं. मांदेली मात्र खरी होती.

उत्तनच्या कोळीवाड्यातून बर्नडेट नावाची बाई आमच्या गेटवर बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी टोपली घेऊन बसते. चौदा वर्षं झाली. काहीही घ्या, कागद बांधायच्या आधी ती वर चार मांदेली टाकते आणि म्हणते, "पोरांना." घरात पोरं असोत नसोत. आमच्या घरात नाहीत, तरी टाकते. इंद्रलोकपासून नवघरच्या नाक्यापर्यंत पाच-सहा मासेवाल्या बसतात, पण असं करणारी ती एकटीच. हे मला माहीत नव्हतं का? होतं. लिहिताना डोक्यात आलं नाही. चार वर्षांच्या पोराच्या ताटात काय असेल असा विचार केला आणि हाताने तेच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. आईने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. माझी आई, गिरिजाबाई, शहात्तर वर्षांची आहे आणि चष्मा लावून मोबाइल वाचते तेव्हा तिच्यापुढे कोणी बोलायचं नसतं. आता त्याला एक फोटोही जोडलेला होता, हाताला सुई लावलेलं कोणाचं तरी मूल. तो मी दिलेला नव्हता.

"अरे, ही तर आपली बर्नडेट," आई म्हणाली.

"असं कुठे लिहिलंय?"

"चार मांदेली दुसरं कोण टाकतं?"

ग्रुपवरही हेच झालं होतं. मूल कोणाचं, याचा शोध लागला होता. बी विंगवाले म्हणत होते सी विंगमधलं, सी विंगवाले म्हणत होते ए विंगमधलं, पण सी विंगवर जास्त मतं पडली. खालच्या मजल्यावरच्या संपदाने लिहिलं की तिच्या अनुष्कालाही गेल्या आठवड्यात उलट्या झाल्या होत्या आणि आता तिला कारण कळलं. सेक्रेटरी जितेंद्र सावंतांनी लिहिलं की विषय गंभीर आहे, रविवारी मीटिंग घेऊ. समोरच्या मेहतांच्या सात पिढ्यांत कोणी मासा खाल्लेला नाही, त्यांनीही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

मी उत्तमला फोन केला. म्हटलं, गडबड झालीये, एका बाईवर आळ आलाय.

"सर, एकदम मस्त चाललंय. दादा खूश आहेत. लोक स्वतःहून मंडई मागतायत."

"अरे, पण ती बाई खरी आहे."

"मग तर चांगलंच आहे ना, सर."

त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. असता तर मला निदान भांडता आलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी खाली उतरलो. बर्नडेट जागेवर होती, टोपलीवर निळं प्लास्टिक तसंच. तिची पहिली विक्री, भवानी, चौदा वर्षं माझ्या आईच्या हातची. गिरिजाआयच्या हाताला बरकत हाय म्हणते. आई उतरेपर्यंत टोपली उघडायची नाही, मग बाकीच्या बाया कितीही घाई करोत. त्या दिवशी घाई करायला कोणी नव्हतंच. साडेनऊ वाजले होते आणि एरवी ती नवाला निम्मी टोपली रिकामी करते.

"आय बरी हाय ना, यतीनभाव?"

"बरी आहे. जरा गुडघा दुखतोय." हेही खोटं. आई वर सोफ्यावर बसून तोच मेसेज माझ्या मावशीला पुण्याला पाठवत होती.

बर्नडेटने पिशवीतून मोबाइल काढला. "मेल्रॉयने दाखवला मला." मेल्रॉय तिचा मुलगा. "तुमी वाचला? माजं नाव न्हाय, पन मीच हाय ती. माजीच मांदेली."

मी काहीतरी म्हणालो, असे मेसेज येतच असतात, लक्ष देऊ नका. तिने ऐकलंच नाही.

"कुनाचं पोर हाय ते सांगा मला. सी विंग बोलतात. वॉचमन वर सोडत न्हाय. मला फक्त बघून यायचंय. हात लावनार न्हाय, लांबून बघीन."

मला वाटलं होतं ती चिडेल, शिव्या देईल, उत्तनच्या बायका पोलीस चौकीवर आणेल. त्याची मी तयारी ठेवली होती. ती त्या पोराला भेटायला निघाली होती आणि ते पोर मी जेवणाच्या टेबलावर बसून अर्ध्या तासात तयार केलं होतं. मला तिथे उभं राहवेना. ऑफिसला उशीर होतोय म्हणालो. मला ऑफिस नाही हे तिला माहीत होतं.

वर येऊन मी ग्रुपवर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच खाली स्वतःचं नाव घातलं. 'मासळीचा मेसेज मी, यतीन दळवी, बी-७०३, याने लिहिला आहे. मला ते काम दिलं होतं. असं कोणतंही मूल नाही. बर्नडेटबाईंची मासळी आम्ही चौदा वर्षं खातो, कोणालाही काही झालेलं नाही. मी सर्वांची आणि त्यांची माफी मागतो.' दोनदा तपासलं. मुद्रितशोधकाची खोड जात नाही.

पहिलं उत्तर मेहतांचं आलं. 'यतीनभाई का फोन हॅक हो गया है क्या?' मग कोणीतरी लिहिलं, 'यतीनदादा, कोणी धमकी दिली असेल तर सांगा, आम्ही आहोत.' मग संपदा: 'म्हणजे माझी मुलगी आजारी पडली ते खोटं? मलाही कोणी लिहायचं काम दिलं होतं का?' तिचंही बरोबर होतं, मुलीला उलट्या झाल्याच होत्या. दुपारपर्यंत दादांच्या विरोधी पक्षातल्या कोणीतरी माझ्या कबुलीचा फोटो शहरभर फिरवला. संध्याकाळी दादांच्या बाजूने उत्तर आलं की विरोधकांनी एका बेकार माणसाला विकत घेऊन मुलाच्या आजारपणावर राजकारण चालवलंय. ते चांगलं लिहिलं होतं. माझ्या जागी बसवलेला नवा माणूस हुशार असावा. त्यानंतर दोन्हीकडचे लोक एकमेकांची आई-बहीण काढत राहिले आणि त्या सगळ्यात मासळीचं, बर्नडेटचं नाव कोणी घेतलं नाही. उत्तमने मला सगळ्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं, तेवढंच एक बरं झालं.

आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आई, ते मी लिहिलं. या टेबलावर बसून. तू तेव्हा कोथिंबीर निवडत होतीस."

"तू लिहिलं असशील. पण मला त्या दिवशी सुरमईला वास आला होता."

"कोणत्या दिवशी?"

"त्याच दिवशी. मी बोलले नाही, तुला वाईट वाटलं असतं."

माझी आई खोटं बोलत नाही. तिला खरोखरच तो वास आठवत होता. 

रविवारी मीटिंग झाली. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा सावंत म्हणाले, "यतीन, तुमच्या भावना समजतात आम्हाला," आणि ठराव पास झाला. गेटच्या दोन्ही बाजूंना मासळी विकायला बंदी. पुढच्या बुधवारी सकाळी बर्नडेट थेट माझ्या दारात आली. टोपली नव्हती. वॉचमनला काय सांगून वर आली कोण जाणे. आई आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. उत्तम, दादा, मंडई, माझी पद्धत, चार मांदेली कुठून आली ते. काही झाकलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी चांगलं मानूस हाय, यतीनभाव. मला बरं वाटावं म्हनून बोलता. पन एवडी मानसं खोटं न्हाय बोलनार. त्या दिवशी बर्फ कमी होता, मला माहीत हाय. मीच दिली आसनार."

"बर्नडेटबाई, पोर नाहीच आहे."

"न्हाय?" ती उठून उभी राहिली. "गेला?"

"नाही, नाही. तसं नाही."

"मी त्याच्यासाठी चर्चमदी मिस्सा सांगितली फादरला. येत्या रविवारची. नाव न्हाय माहीत, म्हनून इंद्रलोकचं पोर बोलले. उशीर झाला का?"

ती माझ्याकडे बघत होती. अजून एकदा खरं सांगितलं असतं तर तिने काय ऐकलं असतं, ते मला दिसत होतं.

"बरं झालं ते," मी म्हणालो. "घरी आलंय. सोमवारपासून शाळेत जातंय."

हे तिला लगेच पटलं. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि थोडी रडली. मग विचारलं, "नाव काय त्याचं?"

"विहान." नाव सुचायला मला क्षणभरही लागला नाही. ती ते दोनदा पुटपुटली, फादरला सांगायला विसरू नये म्हणून.

जाताना दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "पोर बरं झालं तर मग मला परत बसू देतील ना? तुमी पेपरवाले. दोन ओळी लिवा माज्यासाठी. लोक तुमचं ऐकतात."

"लिहितो," मी म्हणालो.

त्याला आता दीड महिना झाला. निकाल लागला, दादा निवडून आले. बर्नडेट अधूनमधून मेल्रॉयच्या फोनवरून मला फोन करते आणि विहान कसा आहे ते विचारते. मी सांगतो. गेल्या वेळी तो शाळेतल्या बाईंना 'आई' म्हणाला असं सांगितलं, तर खूप वेळ हसत होती. त्या दोन ओळींचं तिने पुन्हा विचारलेलं नाही.