मधली खुर्ची

आमच्या शाळेत उत्तरं उदंड होती, प्रश्नांचा मात्र दुष्काळ. एखाद्या मुलाला विचारा, पाण्याची वाफ कशी होते? तो पुस्तकातलं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणून दाखवणार आणि खाली बसणार. त्याला म्हणा, "तू स्वतः कधी बघितलंस?" की तो खिडकीबाहेर बघणार. पोपट परवडला, तो निदान मधेच एखादी शिवी तरी देतो. वर्षानुवर्षं हे ऐकून माझे कान किटले होते. सातवीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी रांगा मोडल्या, खुर्च्या गोल मांडल्या आणि मधोमध एक खुर्ची ठेवली.

नियम सोपा होता. मधल्या खुर्चीत बसेल त्यानं एक गोष्ट ठामपणे सांगायची. चंद्र रोज उशिरा उगवतो, मुंग्या वासावर चालतात, काहीही. बाकीच्यांनी त्याला काहीएक सांगायचं नाही, फक्त विचारायचं. कशावरून म्हणतोस? दुसरं काही असू शकेल का? तुझं चुकत असेल तर ते तुला कसं कळेल? विचारून झालं की तो बोलेपर्यंत गप्प थांबायचं. सुरुवातीला त्या थांबण्यानं मुलांच्या अंगावर काटा यायचा. कोणी खोकायचं, कोणी खुदकन हसायचं. हळूहळू सवय झाली. मग तर अख्खा वर्ग हूं की चूं न करता बसायचा, आणि मधला बिचारा स्वतःच्याच डोक्यात उतरून काहीतरी खरं शोधून आणायचा.

मला या वर्गाचा गर्व होता, कशाला खोटं बोला. लेकराबाळांचं झंझट मी कधी मागे लावून घेतलं नाही. जे काही होतं ते हेच. गणिताचे सर आधी म्हणाले, "बाई, पोरं प्रश्न विचारायला लागली तर पोर्शन कधी संपायचा?" मी म्हटलं, "तुमचा संपतो हो, पण पोरांना सुरू कधी होतो?" महिनाभर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मग एक दिवस गुपचूप येऊन मागच्या भिंतीशी बसले आणि पुढच्या आठवड्यापासून आपल्या वर्गात फळ्यापुढे थांबायला लागले. प्रश्न विचारून, हाताची घडी घालून, नुसते थांबायला.

मग मला जरा जास्तच चेव आला. मी वर्गाला बजावलं, "यापुढे गोलात काय आणि गोलाबाहेर काय, मला कोणी आयतं उत्तर आणून द्यायचं नाही. चुगली तर मुळीच नाही. काही खटकलं तर मला प्रश्न विचारा. माझं मला समजेल."

मुलांनी ते अक्षरशः पाळलं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मला गंमत वाटली. इतर शिक्षकांना खुर्च्या रांगेतच हव्या असायच्या, त्यामुळे गोल फक्त माझ्या शेवटच्या तासाला व्हायचा. त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मी वर्गाच्या दाराशी होते, आणि आत गोल मांडलेला होता. खुर्च्यांमधलं अंतर दोरीनं मोजल्यासारखं सारखं होतं. खिडक्या सगळ्या बंद, पंखा बंद. इतक्या उकाड्यात आतली हवा हलत नव्हती. मी कौतुकानं मधल्या खुर्चीत बसले आणि तशीच उठले. खुर्ची कोमट होती. कोणीतरी आत्ताच उठून गेलं होतं.

मुलं दाराशी येऊन थबकली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाचा उद्योग हा?" मी हसून विचारलं.

कोणी हसलं नाही. आमच्या वर्गात एक अगदी बारीक आवाजाची मुलगी आहे, तिला मी चिमणी म्हणते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही जेवलात?"

"जेवले नाही तर काय! खिडक्या उघडा आधी."

त्यानंतर हे वरचेवर व्हायला लागलं. मी मुलांना दरडावलं, गोंजारलं, एकेकाला बाजूला घेऊन पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. ताकास तूर लागू देईनात. उलट मलाच काहीबाही विचारायचे. दांडगा देह आणि हळवं मन असलेला एक पहिलवान आहे, त्यानं एकदा विचारलं, "बाई, खिडक्या बंद असल्या की तुम्हाला बरं वाटतं का?"

"मला कशाला बरं वाटेल? मी लावते का त्या?"

तो खाली बघत राहिला. आणि सगळा वर्ग थांबला. मी शिकवलं होतं तसाच, मांडीवर हात ठेवून, पापणीही न लववता. तितके डोळे एकाच वेळी माझ्यावर. मला पहिल्यांदाच त्या मुलांची भीती वाटली.

घरी ताईनं माझी पिशवी उपसली. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. "डबा भरलेलाच आणलास? आजही?"

"गडबडीत राहिलं असेल."

"रोज?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आईला शेवटी शेवटी जेवल्याचंही आठवायचं नाही, तेव्हा तीच आईजवळ होती. तेव्हापासून तिला जिथं तिथं तेच दिसतं. मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतंय माझ्या शाळेतलं, असंही म्हणाले.

शाळेतही गणिताचे सर म्हणाले, "हल्ली मधल्या सुट्टीत दिसत नाही तुम्ही." त्यांना समोरचा हत्ती दिसत नाही, मी काय दिसणार! मी रोज घंटा झाली की शिक्षकांच्या खोलीकडे निघते आणि सुट्टी कशी संपते ते कळत नाही. सुट्टीचं सगळ्यांचं असंच होतं.

मग शिपाईमामांनी मला जिन्याखाली गाठलं. माणूस धीट, पण आवाज खाली गेलेला. "बाई, सुट्टीत सातवीत कोणीतरी बोलतं. बाईमाणूस आहे. मी त्या बाजूच्या जिन्यानं जातच नाही आता."

"काय बोलतं?"

"नावं घेतल्यासारखं वाटतं. एक नाव घेतं, थांबतं. आणि..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि कुठून तरी बारीकशी ओ येते."

गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत जायला वेळ लागला नाही. पालकांतही कुजबुज सुरू झाली होती. मुख्याध्यापकांनी मला बसायला सांगितलं, तिथंच मी ओळखलं की काही खरं नाही. "बाई, तुमचा प्रयोग चांगला आहे. पण त्या गोलात पोरं काहीतरी भलतंच खेळतायत असं लोक म्हणतात. हा आठवडा देतो. कोण करतं ते शोधा. नाहीतर पुन्हा रांगा, आणि वर्ग दुसऱ्या कोणाकडे."

माझा वर्ग! गोल मोडला असता तर ही मुलं पुन्हा पोपट झाली असती, आणि मी काय झाले असते याचा विचारसुद्धा करवेना.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पहाऱ्याला उभी राहिले. सुट्टीची घंटा झाली, मुलं मैदानावर पळाली. आत रांगा होत्या, खिडक्या सताड उघड्या होत्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. आज बघतेच कोण येतंय ते, असं मनाशी म्हटलं.

आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली.

मी दाराशीच होते. आत गोल मांडलेला होता. खिडक्या बंद होत्या. माझ्या घशाला कोरड पडली होती, बराच वेळ बोलत बसल्यासारखी. मी जागची हलले नव्हते, डोळ्यांत तेल घालून उभी होते, आणि माझ्या नाकासमोरून कोणीतरी येऊन हे करून गेलं होतं. मी पदरानं तोंड पुसलं. हातांना गंजाचा वास येत होता.

मुलं आत आली, आपापल्या खुर्च्यांवर बसली. मधली खुर्ची तेवढी रिकामी राहिली. मी दार लावलं आणि तीत जाऊन बसले. आजपर्यंत मी तीत मुद्दा मांडायला कधी बसले नव्हते.

"माझं म्हणणं ऐका," मी म्हटलं. "मधल्या सुट्टीत या वर्गातलंच कोणीतरी हे करतं. आणि ते कोण, हे तुम्हाला माहीत आहे. विचारा."

समोर वर्गातली सगळ्यात वाद घालणारी मुलगी बसली होती. तिला मी बॅरिस्टर म्हणते. तिनंच सुरुवात केली. "कशावरून, बाई?"

"खुर्च्यांना पाय असले तरी त्या चालत नाहीत, म्हणून."

एरवी हशा पिकला असता. चिमणीनं विचारलं, "आज सुट्टीत तुम्ही कुठं होतात?"

"दाराशी. सुट्टीभर."

"तिथून काय काय दिसलं?"

"तुम्ही मैदानावर गेलात. मग घंटा झाली."

"त्याच्या मधे, बाई?"

मी आठवायला गेले. मुलं पळाली, त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला, आणि घंटा. मधे काहीच नव्हतं. कंटाळा नव्हता, पाय दुखले नव्हते, एखादा मूर्ख विचारही नव्हता. फडक्यानं पुसून घेतल्यासारखं सगळं साफ. मुलं थांबली होती.

"दुसरं कोणी असू शकेल का, बाई?" पहिलवानानं विचारलं.

मी वर्गभर नजर फिरवली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण एकाही चेहऱ्यावर चोरी नव्हती. होती ती काळजी. लहान मुलांच्या चेहऱ्यावर शोभत नाही इतकी.

"तुमचं चुकत असेल," बॅरिस्टर हळूच म्हणाली, "तर ते तुम्हाला कसं कळेल?"

मी मान खाली घातली. माझे तळहात मांडीवर उघडे पडले होते. खुर्च्यांच्या लोखंडी पाठींचा तांबडा गंज बोटांच्या पेरापेरांत बसला होता.

"मी," मी म्हटलं. "मीच मांडते."

कोणी मान हलवली नाही. मला भयंकर भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज. जिचं डोकं शाबूत नाही ती इतरांच्या पोरांना डोकं वापरायला शिकवत होती! "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्यापासून," म्हणून चिमणी रडायलाच लागली. "तुम्हीच म्हणालात ना, सांगायचं नाही. आम्ही विचारत होतो, बाई. रोज विचारत होतो."

मी डोळे पुसले. "मुख्याध्यापकांना मी सांगेन. आजच, माझ्या तोंडानं. वर्ग गणिताच्या सरांकडे देईन, त्यांना गोल चालवता येतो. तो कोणी मोडणार नाही. पण आधी मला कळू दे. आता विचारू नका, सांगा. मी आत काय करते?"

पहिलवान म्हणाला, "खिडक्या लावता. खुर्च्या मांडता. मग एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथं बसतो त्याचं नाव घेता. थांबता. मग पुढच्या खुर्चीकडे."

"आम्ही दाराच्या काचेतून बघतो," चिमणी हुंदके देत म्हणाली. "आपलं नाव आलं की हळूच हजर म्हणतो. म्हणजे तुम्ही पुढे जाता. सगळ्यांची झाली की मधे बसता."

"सगळ्यांची नावं घेते मी?"

"आधी सगळ्यांची घ्यायचात," पहिलवान म्हणाला.

बॅरिस्टर उठून उभी राहिली. "आज तुम्ही माझ्या खुर्चीपाशी थांबलात," ती म्हणाली. "पुष्कळ वेळ थांबलात. दोनदा तोंड उघडलंत. मी बाहेरून हजर म्हटलं, तरी तुम्हाला ऐकू आलं नाही. मग तुम्ही पुढे गेलात."

मी तिच्याकडे पाहिलं. तिची हट्टी हनुवटी, वाद घालताना कमरेवर हात ठेवायची खोड, मुंग्यांवरून तिनं मला एकदा भर वर्गात हरवलं होतं ते, सगळं मला लख्ख आठवत होतं. टोपणनाव मीच ठेवलेलं. त्याच्या खालचं काही हाताला लागेना.

"तुझं खरं नाव सांग, बाळ."

तिनं सांगितलं. छान नाव होतं. मी ते पूर्वी कधीही ऐकलेलं नव्हतं.