बोर्डाचं कार्ड

मी एक कार्ड बोलतोय. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत, लाकडी खणात आम्ही हजारो जण दाटीवाटीने राहतो. एकेकाच्या वाट्याला एकेक शब्द. माझ्याकडे 'बोर्ड' आला.

मला लिहिलं बाबांनी. ते इथले जुने सहसंपादक. त्यांची मुलगीही इथेच काम करते, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो.

माझ्या शब्दाचं मूळ शोधायला त्यांना चार महिने लागले. मग बारीक अक्षरात लिहिलं: मुळात हा शब्द म्हणजे साधी लाकडी फळी. फळीचं टेबल झालं. त्यावर वाढलेल्या जेवणालाही तोच शब्द लागला, आणि त्याभोवती बसून निर्णय घेणाऱ्या मंडळालाही. 'जहाजाची बाजू' या अर्थाच्या मुळापुढे मात्र बाबांनी प्रश्नचिन्ह घातलं, कारण तिथे जाणकारांचंच एकमत नाही. माणसं खात्री नसली तरी छातीठोकपणे बोलतात. बाबा तसले नाहीत.

पुढे बाबांची नजर गेली आणि उरलेलं काम मुलीने हाती घेतलं. छपाईच्या तोंडावर मुख्य संपादकांनी तिला बोलावलं.

"पान दोन ओळींनी वाढतंय. 'जेवण' हा अर्थ काढा, नाहीतर व्युत्पत्ती काढा."

"सर, व्युत्पत्तीसाठी बाबांनी जिवाचं रान केलंय."

"ठाऊक आहे मला. पण पान काही रबराचं नाही. उद्या सांगा."

संध्याकाळी तिने मला पर्समधून घरी नेलं. बाबा खिडकीपाशी बसले होते. सगळं सांगून ती म्हणाली, "जेवण काढते, बाबा. तुमची मेहनत वाया नको जायला."

बाबा स्वतः वसतिगृहात वाढलेले. ते लगेच म्हणाले, "वेडी का तू? अगं, एखादं पोर परक्या गावी शिकायला निघालंय, हातात प्रवेशाचं पत्र आहे, त्यात 'लॉजिंग अँड बोर्ड' लिहिलंय. तिथे जेवायला मिळणार का, हे त्याला आपल्या कोशात सापडायला नको? मूळ नंतर कळलं तरी चालेल. पेन दे."

तिने त्यांचा हात धरून माझ्यावर टेकवला. बाबांनी आपल्याच ओळींवर काट मारली. रेघ जरा वाकडी गेली. मुलगी रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

कोश छापून झाला. आता म्हणे कचेरी हलणार आणि आम्ही रद्दीत जाणार. जुन्या कागदाचं आणखी काय होणार, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त जाण्याआधी कुणीतरी मला बाबांकडे न्या आणि त्या काट मारलेल्या ओळी मोठ्याने वाचा. त्यांना त्या पाठ आहेत. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी त्या अजून ऐकलेल्या नाहीत.