निजवलेली वई

मित्रांनो, मी कोयती आहे. जुनी आहे, पण अजून मोडीत निघालेली नाही. तेव्हा नीट बसा आणि ऐका.

वेल्सच्या डोंगराळ मुलखातल्या एका लोहारानं मला घडवलं. पातं तापवून ठोकलं, टोक पोपटाच्या चोचीसारखं वाकवलं, वर लाकडी मूठ बसवली. माझ्या आधी त्याच ऐरणीवर त्यानं बिजागऱ्या केल्या होत्या. त्यांची कहाणी कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मला विकत घेतलं मायर प्रोबर्टच्या नवऱ्यानं, पण वापरलं मायरनं. नवरा मेंढरांत हुशार आणि कोयतीत ढ. शेताकडेची काटेरी झुडपांची वई, म्हणजे जिवंत कुंपण, आपसूक वाढू दिली, तर ती वर फोफावते आणि खाली भोकं पडतात. मग मेंढरं रस्त्यावर. म्हणून दर पंधरा-वीस वर्षांनी हिवाळ्यात तिला निजवायची असते. खोड बुडाशी तिरपं कापत जायचं, आणि पलीकडची साल जिभेएवढी उरली की थांबायचं. मग खोड हळूच चढाकडे वाकवायचं. निजलेलं खोड त्या जिभेतून पाणी पितं आणि वसंतात अंगभर फुटतं. जीभ तुटली की खेळ संपला.

एकेका शेताची वई पाळीपाळीनं घेत चाळीस हिवाळे आम्ही दोघींनी हेच केलं. एकदा वई निजवायच्या स्पर्धेत परीक्षक आमच्या वईला रेलून म्हणाला, "बाईमाणसाचं काम वाटत नाही." मायर म्हणाली, "चष्मा बदला." पहिला नंबर आमचा आला.

पुढे मायरची बोटं सांध्यांत वाकडी झाली, एका डोळ्यावर पडदा आला, आणि मी नऊ वर्षं कोठारातल्या खिळ्यावर लटकले. बाहेर तिचा पुतण्या डर्विन ट्रॅक्टरला यंत्र लावून वई छाटायचा. ते यंत्र कापत नाही, चावतं. असल्याला अवजार म्हणायची मला लाज वाटते.

शेवटी डर्विननं बजावलं, "काकू, मे महिन्यात मी या शेतात मेंढ्या सोडणार. तोवर वईत एक जरी भोक राहिलं, तर सगळी उपटून तार ओढीन."

"राहिलं तर उपट," मायर म्हणाली. "पण तोवर तोंड बंद ठेव."

तिच्या सासूनं लावलेली वई होती ती. मायरचे हात चालत नव्हते, म्हणून तिनं निसर्ग राखायला येणारी मुलं बोलावली. आली. आठ जणं, पंधरा-सोळा वर्षांची, पिवळ्या जाकिटांत. प्रमाणपत्राला सेवेचे तास भरायचे होते. त्यांच्या मास्तरांनी 'बोट कापू नका' हे पाऊण तास समजावलं आणि काय कापायचं ते पाच मिनिटांत. मग सगळ्यांनी मला खिळ्यावरून उतरवून माझ्यासोबत फोटो काढले. इतकी माणसं इतका वेळ काहीही न करता मी कधी पाहिली नव्हती.

जोएल नावाच्या पोरानं मला उचललं. "ही काय म्युझियममधून पळवलीय का?"

"म्युझियममध्ये तुझे हात ठेव," मायर म्हणाली. "अजून कोरे आहेत."

त्यानं माझ्या पाठीनं वईच्या आधाराचे खुंट ठोकले. माझ्या पाठीनं, मित्रांनो! मेलेरी म्हणून एक मुलगी होती, ती निदान घाव तिरपा घालायची. पण फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी पाऊस लागला, बसची वेळ झाली, आणि फाटकाजवळची तीन खोडं काही वाकेनात. जोएल म्हणाला, "अगं, आरपार काप ना. पटकन आडवी होतील."

तिनं कापली. तिन्ही जिभा तुटल्या.

"आता रे?"

"आता काय? बुडं चिखलात खोच, फांद्या विणून टाक. कुणाला कळतंय?"

हिवाळ्यात मेलेलं आणि निजलेलं सारखंच दिसतं. मायरनं एका डोळ्यानं पाहिलं आणि मान डोलावली. त्यांच्या खालच्या अंगाला, अगदी फाटकाशी असलेलं शेवटचं एक जाड खोड मास्तरांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून उभंच सोडलं. मुलांना प्रमाणपत्रं मिळाली. मी खिळ्यावर लटकून मनातल्या मनात एकेकाला सोलत होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मेलेरी एकटीच आली. मार्च लागला की पाखरं घरटी करतात, मग वईला हात लावायचा नाही, असा इथला रिवाज आहे.

"मिसेस प्रोबर्ट, ती फाटकाजवळची तीन... मी आरपार कापली. चिखलात नुसती खोचलीत."

मायरनं काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाली, "वाळलेलं लाकूड मेंढी एका धडकेत मोडते. बुंध्यांना कोंब फुटतील, पण डर्विन तीन वर्षं थांबायचा नाही. हे त्याच दिवशी सांगायला तोंड नव्हतं?"

"होतं. भीती वाटली."

"माझी वाटलीच पाहिजे. रडू नकोस, त्यानं कोयती गंजते. जा, घेऊन ये तिला."

भोकावर आडवं पुरेल असं ते एकच उभं खोड उरलं होतं. तेही तुटलं असतं, तर वई गेली होती. मायर मागं काठी टेकून उभी राहिली. मेलेरीनं मला दोन्ही हातांत धरलं. पहिले घाव भित्रे, नुसती साल खरवडणारे. मला किळस आली. मग मात्र तिनं पाय रोवले. मी आत शिरले, खोल, अजून खोल. लाकूड करकरलं.

"अजून एक?" तिनं विचारलं.

"मला दिसत नाही. तुला काय वाटतं?"

मेलेरीनं मला खाली ठेवलं. खोडाला दोन्ही हात लावले आणि हळूहळू, श्वास धरून, चढाकडे वाकवलं. ते आडवं झालं. जीभ राहिली.

मे महिन्यात डर्विन कुत्रा घेऊन आला आणि वईला जागोजाग गुडघा लावत खालपर्यंत गेला. फाटकाजवळ तीन वाळकी खोडं होती, आणि त्यांच्यावर हिरव्या पानांनी भरलेलं एक. त्यानं ढकलून पाहिलं. मग फाटक उघडून मेंढ्या आत सोडल्या आणि निमूट गेला.

तर मित्रांनो, मला तेल लावा, कोरडं ठेवा, हे सांगायचं असतं म्हणून सांगते. पण हातून काही आरपार तुटलं, तर ते चिखलात खोचून घरी जाऊ नका. फेब्रुवारी आहे तोवर सांगा.