बाप कसा वाटला

कात्रीनं दुसरं हस्तलिखित टेबलावर आपटलं, तसा प्रकाशकबाईंचा चहा बशीत सांडला.

“आजोबा,” ती म्हणाली. “तोंड उघडलं की शाळेची प्रार्थना.”

“मरतात का?” अक्षरजुळणीवाल्या काकांनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

“मरतात. पण फार उशिरा.”

काका खो-खो हसले. बाईंनी हस्तलिखित बाजूला सारलं. पन्नाशीची माणसं पंधरा वर्षांच्या पोरांच्या तोंडी वाट्टेल ते कोंबतात, हे त्या नुकसान सोसून शिकल्या होत्या. म्हणून किशोरांसाठी आलेली प्रत्येक कादंबरी त्या आधी या पंधरा वर्षांच्या पोरीला वाचायला देत, लेखकाचं नाव काढून. तिची जीभ ऐकून काकांनीच तिचं नाव कात्री ठेवलं होतं.

“त्याआधीचं?”

“चोर पकडणारा मुलगा. अक्कल त्या एकट्यालाच. मित्र नुसते ‘वा, वा’ म्हणायला पगारी ठेवलेत.”

“बरं, आणि शेवटचं?” बाई पुढे सरकल्या. “मी तर रडले बाई. आई घर सोडून जाते, पोरगी मुकी होऊन बसते... आणि तो बाप! देवमाणूस. यंदा हेच छापावं म्हणते. लेखक नवा आहे, टोपणनावानं लिहितो.”

ते हस्तलिखित कात्रीच्या मांडीवरच होतं. त्यातली मुलगी आईच्या क्रीमची रिकामी डबी उशीच्या अभ्र्यात लपवते आणि हुंगत झोपते. कात्रीही रोज तेच करायची; ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती. अभ्रे बदलताना डबी एकाच माणसाच्या हाती लागली होती, आणि त्यानं ती गुपचूप परत ठेवली होती. पुढे त्या कादंबरीत बाप आईची बॅग जिना उतरून स्वतः टॅक्सीत ठेवतो, ‘सांभाळून जा’ म्हणतो. शेवटच्या पानावर मुलगी बोलते, ‘बाबा, तुम्ही होतात म्हणून मी आहे.’

“मुलगी खरी आहे,” कात्री म्हणाली. “बाप खोटा.”

“अगं, मला तर बापच सगळ्यात आवडला!”

“आवडणारच. त्यासाठीच तर लिहिलाय.”

काकांची बोटं कळफलकावर थांबली.

“हे बघ,” बाई म्हणाल्या, “तुझा शब्द मी आजवर मोडला नाही. तू नको म्हणालीस तर परत पाठवते. उद्या सांग.”

घरी वडिलांनी ताटं वाढून ठेवली होती. एरवी जेवताना टीव्ही बोलायचा, म्हणून दोघांना बोलावं लागत नसे. आज तो बंद होता.

“काय म्हणतात तुझ्या कादंबऱ्या?”

“एकीत आजोबा मरतात. एकीत चोर सापडतो.”

“आणि बाप?” त्यांचा घास हातातच राहिला. “बाप कसा वाटला?”

तिनं बापाचा विषयही काढला नव्हता. म्हणजे कादंबरी तिच्याच हातात पडणार, हे ठाऊक असूनच त्यांनी ती पाठवली होती तर.

“तो बॅग उचलून खाली नेतो,” ती म्हणाली.

“हं.”

“गॅलरीतून फेकत नाही. मग मुलीला आईचे कपडे रस्त्यावरून गोळा करावे लागत नाहीत. अख्खी बिल्डिंग बघत असताना.”

वडिलांनी घास खाली ठेवला. ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. आता बोलतील, असं तिला वाटलं. इतक्या दिवसांत जे एकदाही बोलले नाहीत, ते आता बोलतील. ती जेवायची थांबली.

“पण...” त्यांनी घसा खाकरला. “छापताहेत ना ते?”

तिनं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं.

“उद्या सांगायचंय मला,” ती म्हणाली आणि नळ सोडला.